बिग आयलंडवर आठवडाभर स्वयंपाक: बोटीनं आलेलं दुकानातून, मातीतलं मंडईतून

पहिल्यांदा हवाईला गेलो तेव्हा परतीच्या आदल्या रात्री मी भाड्याच्या घरातला फ्रीज रिकामा करत बसले होते. पालकाचा अर्धा डबा, तोही तळाशी चिकट झालेला. दोन डझनांतली सतरा अंडी. दह्याचा भलामोठा डबा, वरून चार चमचे खाल्लेला. द्राक्षं, सफरचंदं, ब्रोकोली. यातलं एकही त्या बेटावर पिकलेलं नव्हतं. सगळं सुमारे २,४०० मैल समुद्र ओलांडून आलेलं, म्हणजे आम्ही जिथून आलो त्याच कॅलिफोर्नियाच्या बाजूनं. आठवडाभर आम्ही सुट्टीचे पैसे मोजून घरचाच किराणा महागात खाल्ला होता. आणि खिडकीबाहेर शेजाऱ्याच्या झाडावर पपया पिकून पक्षी खात होते.

त्यानंतर बिग आयलंडला तीनदा जाणं झालं. एकदा चिपळूणहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन. अमेरिकेतले आपले बरेच लोक तिथे स्वयंपाकघर असलेलं घर घेतात, कारण शाकाहारी माणसाला आणि आजी-आजोबांना रोज हॉटेलचं जेवण झेपत नाही आणि खिशालाही नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हे बेट समजून घ्या

बिग आयलंड म्हणजे मूळ ‘हवाई’ नावाचं बेट. बाकीची सगळी हवाई बेटं एकत्र केली तरी हे त्यांच्याहून मोठं, सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही मोठं. मध्ये मौना केआ आणि मौना लोआ हे चार हजार मीटरच्या वरचे दोन डोंगर. पूर्वेकडून येणारे वारे हिलोच्या बाजूला पाऊस ओतून रिकामे होतात आणि पश्चिमेला कोनाच्या किनाऱ्यावर कोरडे पोचतात. घाटाच्या अलीकडचं कोकण आणि पलीकडचा देश, तसाच प्रकार. बहुतेक पर्यटक कोनाच्या बाजूला उन्हात राहतात आणि भाजीपाला, फळफळावळ मात्र जास्त करून हिलो, पुना, हामाकुआ या ओल्या भागात होते. कोनाच्या वरच्या डोंगरउतारावर कॉफी, ॲव्होकाडो आणि मॅकाडेमिया हा सुकामेवा. वाईमेया हे उंचावरचं थंड गाव, तिथे पालेभाज्या चांगल्या मिळतात.

हवाईत खाल्लं जाणारं ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून येतं असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये माल न्यायचा तर अमेरिकेतच बांधलेलं जहाज लागतं, हा १९२० चा जोन्स कायदा. माल बहुधा आधी होनोलुलूला उतरतो आणि तिथून बार्जवर चढून या बेटावर येतो. म्हणून दूध, चीज, ब्रेड, पॅकबंद वस्तू आपल्याकडच्यापेक्षा दीडपट तरी पडतात असं धरून चाला. शिवाय कॅलिफोर्नियात किराण्यावर कर नसतो, इथे असतो. बिलाखाली साडेचार टक्क्यांहून थोडी जास्त रक्कम दिसली तर दचकू नका.

माझा सगळा हिशेब यातूनच आला. जे बोटीनंच येणार आहे ते मोठ्या दुकानातून घ्यायचं, कारण तिथे ते सगळ्यात स्वस्त. जे इथल्या मातीत उगवतं ते मंडईतून. फसगत होते ती या दोन्हींची अदलाबदल झाली की.

निघण्यापूर्वी

घरमालकाला एक निरोप पाठवून तीन गोष्टी विचारा: शेगडी किती बर्नरची, झाकण असलेलं मोठं पातेलं आहे का, सुरी चालते का. फोटोत स्वयंपाकघर छान दिसतं आणि प्रत्यक्षात दोन बर्नरची विजेची शेगडी आणि लोणीही न कापणारी सुरी निघते. मी आता स्वतःची छोटी सुरी चेक-इनच्या बॅगेत नेते.

मसाले घरूनच न्या. गोडा मसाला, हळद, तिखट, हिंग, मोहरी, जिरं, सगळं छोट्या बंद पाकिटांत. पाव किलो चणाडाळ, अर्धा किलो तूरडाळ, आणि पोळ्या लागत असतील तर कणीक. हिलो-कोनात आपल्या वळणाचं किराणा दुकान सापडेल या भरवशावर राहू नका. पोहेही न्या, सकाळी समुद्रावर जायच्या घाईत दुसरं काही सुचत नाही.

ताजं मात्र काही नको. कॅलिफोर्नियातल्या अंगणातला कढीपत्ता नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग एका बारीक किडीमार्फत पसरतो आणि ती कीड कढीपत्त्यावरही राहते, म्हणून त्याच्या ने-आणीवर बंधनं आहेत. जाताना शेतमालाचा जाहीरनामा भरावा लागतो. फळ, भाजी, रोप, बी असेल ते खरं लिहायचं. पाकिटातल्या डाळी-मसाल्यांवरून आम्हाला कधी कुणी अडवलं नाही, पण विचारलं की सांगायचं.

दोन कापडी पिशव्या विसरू नका. या काउंटीत दुकानातल्या प्लास्टिक पिशव्यांवर २०१४ पासून बंदी आहे. मासे किंवा दही न्यायला घडीची थंड पिशवी असली तर उत्तम, कारण इथे दुकान ते घर हे अंतर तासाभराचं असू शकतं.

उतरल्याचा वार बघा

हा भाग कुणी सांगत नाही. मंडया वारांवर चालतात आणि आपण विमानाच्या तिकिटाच्या दरावर चालतो. म्हणून आधी वारांची मांडणी करायची, मग खरेदीची.

हिलोची मंडई १९८८ पासून ममो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर भरते. रोज काही ना काही असतं, पण खरी मंडई बुधवारी आणि शनिवारी; तेव्हा दोनशेच्या आसपास विक्रेते असतात. शनिवारी सकाळी वाईमेयात दोन-तीन ठिकाणी शेतकरी बसतात. कोनाच्या बाजूला केआउहोउच्या शॉपिंग सेंटरच्या आवारात शनिवारी सकाळी बाजार भरतो, तिथे याच बेटावरचा माल ठेवायचा असा दंडक आहे. रविवारी कॅप्टन कुक गावात, पुनामध्ये माकुऊला, आणि ज्वालामुखीजवळच्या व्होल्कॅनो गावात. व्होल्कॅनोचा बाजार पहाटे सहाला सुरू होऊन दहापर्यंत आटोपतोही, म्हणून राष्ट्रीय उद्यानात जायच्या दिवशी तो आधी करायचा. वेळा बदलतात. आदल्या दिवशी एकदा खात्री करून घ्या.

कोनाच्या किनाऱ्यावर अली-ई ड्राइव्हला आठवड्यातून बरेच दिवस भरणारा बाजारही आहे. तिथे मी फळं घेते, पण शंख, मण्यांच्या माळा आणि मग्ज यांच्यामधून वाट काढत. भाजीसाठी मुद्दाम जाऊ नये.

समजा तुम्ही गुरुवारी कोनाला उतरलात. त्या दिवशी मोठ्या दुकानातून फक्त दोन दिवसांचं आणि न नासणारं घ्यायचं. शनिवारी केआउहोउ किंवा वाईमेया. पुढच्या बुधवारी हिलो, धबधबे बघायला जाणारच असाल तर त्याच फेरीत. कोनाहून डोंगरामधल्या सॅडल रोडनं हिलो पावणेदोन तासांवर आहे. नुसत्या पपईसाठी तेवढं पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. फिरायच्या बेतात मंडई बसवायची.

मोठं दुकान: अर्ध्या तासात आत-बाहेर

कोनाच्या विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटांवर कॉस्टको, म्हणजे सभासदांना मोठ्या पॅकांत माल विकणारं दुकान, आहे. हिलोत नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं सभासद-कार्ड इथे चालतं, पेट्रोलही बहुधा तिथेच स्वस्त. वॉलमार्ट, टार्गेट, सेफवे दोन्ही गावांत आहेत. सेफवेत घरचाच फोन नंबर सांगितला की सवलतीचा भाव लागतो. नाही सांगितला तर पाटीवरचा मोठ्या अक्षरातला भाव तुमच्यासाठी नाही.

कॉस्टकोत शिरताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे पाच माणसांत सात दिवसांत संपेल का? दूध संपतं. लोणी संपतं. अंडी दोन डझन संपत नाहीत, पण हल्ली आम्ही शेवटच्या दोन दिवसांत अंडाकरी करतो. बासमतीचं पोतं नको, कितीही स्वस्त असो. तेल नको, घरात आधीच्या पाहुण्यांनी ठेवलेली बाटली बहुतेक वेळा असते, आधी कपाट उघडून बघा. बदाम-काजू घ्यायचे नाहीत, कारण मॅकाडेमिया इथलाच आहे. कांदे-बटाटे दहा पाउंडांच्या जाळीत येतात, ते सुटे दुसरीकडे घ्यायचे. पालक, सॅलडची पाकिटं, सफरचंदं, द्राक्षं, बेरी यांच्याकडे बघायचंच नाही. त्या पहिल्या वर्षीच्या फ्रीजमध्ये हेच होतं.

माणसं जास्त आणि मुक्काम दहा दिवसांचा असेल तर कॉस्टको परवडतं. दोघंच चार दिवस असाल तर तिथे पाऊलही टाकू नका.

मधला मार्ग म्हणजे केटीए. १९१६ मध्ये हिलोत तानिगुची दांपत्यानं काढलेलं छोटं दुकान, त्याची आता बेटभर दुकानं आहेत. पूर्वी उसाच्या मळ्यांवर आलेल्या जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज कुटुंबांचा स्वयंपाक तिथल्या फळ्यांवर दिसतो: ताजा टोफू, मुळा, पातीचा कांदा, लांब जपानी वांगी, साबुदाण्यासारखे टॅपिओकाचे दाणे, उकडलेल्या शेंगा. हो, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा. सासऱ्यांनी त्या पिशवीतून गाडीतच संपवल्या. केटीएनं १९९२ मध्ये स्थानिक मालासाठी ‘माउंटन ॲपल’ नावाचं लेबल काढलं. माउंटन ॲपल म्हणजे आपल्या जामाच्या जातीतलं गुलाबी फळ. मंडईचा वार नसेल तेव्हा हे लेबल बघून घ्या. इथला टोफू घट्ट असतो. पनीरच्या जागी भाजीत छान चालतो आणि बोटीनं आलेल्या पनीरपेक्षा ताजा.

मंडई: कुणाकडून घ्यायचं

मंडईत बसलाय तो शेतकरीच, असं नाही. हिलोच्या मंडईतही टोमॅटो, ब्रोकोली, द्राक्षं दिसतात. ती मुख्य भूमीवरून आलेल्या खोक्यांतली, पुन्हा मांडलेली. वाईट काहीच नाही, तिथले लोकही ती घेतात. पण आपण ‘ताजं, शेतातलं’ म्हणून कौतुकानं दीडपट देऊन घेतो. मी घेतले आहेत, एका टेबलावरून सहा टोमॅटो. घरी येऊन धुताना एकावर मेक्सिकोचा स्टिकर निघाला.

ओळखायचं कसं? सफरचंद, द्राक्षं, संत्र्याच्या एकसारख्या राशी दिसल्या की पुढे सरका. फळांवर स्टिकर, टेबलाखाली छापील पुठ्ठ्याची खोकी, दहा-पंधरा प्रकारची भाजी एकाच ठिकाणी, ही सगळी व्यापाऱ्याची लक्षणं. शेतकऱ्याकडे चार-पाच जिन्नस असतात आणि ते वेड्यावाकड्या आकाराचे. केळ्यांच्या घडावर चीक सुकलेला दिसतो. विचारायला लाजू नका: “तुम्ही स्वतः पिकवता का?” पिकवणारा माणूस गावाचं नाव सांगतो, पावसाची तक्रार करतो आणि शिजवायचं कसं तेही न विचारता सांगतो.

घासाघीस करू नये. पाच डॉलरला ढीग, पाच डॉलरला पिशवी, असा ठरलेला हिशेब असतो. दोन-तीन ढीग एकदम घेतलेत तर एखादी पपई हातावर ठेवतात, आपल्याकडे मिरच्या-कोथिंबीर टाकतात तशी. दुपारी आवराआवर सुरू झाली की भाव आपोआप उतरतात, पण तोवर चांगला माल गेलेला असतो. सात-साडेसातला पोचा. सुट्टे पैसे न्या, एक आणि पाचच्या नोटा.

आता आईंची गोष्ट. आई म्हणजे माझ्या सासूबाई. हिलोच्या मंडईत एका टेबलापाशी त्या थांबल्या त्या हलेचनात.

“अगं, हे अळू आहे.”

मोठमोठी पानं, देठासकट गुंडाळून जुड्या बांधलेली. पलीकडे एक वयस्कर फिलिपिनो बाई. तिथे वयानं मोठ्या सगळ्या बायकांना ‘आंटी’ म्हणतात आणि पुरुषांना ‘अंकल’, ओळख असो वा नसो. आपल्या काकू-काकांसारखंच. आईंचं इंग्रजी जेमतेम, आंटीचं तुटक. आंटीनं आधी स्वतःचा गळा बोटांनी खाजवून दाखवला, मग हाताचा पंजा हळूहळू खाली दाबत नेला: पुष्कळ वेळ, मंद. आईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांग तिला, चिंच आहे माझ्याकडे.” मी सांगितलं. चिंच म्हटल्यावर आंटी हसली आणि शेजारच्या बादलीतली शेवग्याच्या पाल्याची एक जुडी वर टाकली. त्यांच्याकडे त्याला ‘मारुंगाय’ म्हणतात. कारली, दुधी, भेंडी, चवळीच्या हातभर लांब शेंगा, दोडक्याच्या भावकीतलं काहीतरी, सगळं त्याच रांगेत होतं. शाकाहारी मराठी माणसानं या बेटावर आधी फिलिपिनो आंटीचं टेबल शोधावं, हा माझा सल्ला.

हवाईत अळूला ‘कालो’ म्हणतात. पॉलिनेशियातून होड्यांतून आलेल्या पहिल्या लोकांनी सोबत आणलेल्या झाडांपैकी ते एक. त्यांच्या परंपरेत ते माणसाचं थोरलं भावंड मानलं जातं. कंद शिजवून, कुटून ‘पोई’ नावाचा लगदा होतो, पानांना ‘लुआउ’ म्हणतात. मात्र तिथली पानं आपल्या भाजीच्या अळूपेक्षा जाड आणि खाजरी असू शकतात. दहा मिनिटांत शिजलं असं समजून चाखू नका. आम्ही चिरताना हाताला तेल लावलं, पानं आणि देठ भरपूर पाण्यात तासभर उकळले, ते पाणी ओतून दिलं, मग भिजवलेली चणाडाळ, शेंगदाणे, केटीएतला मुळा, चिंच-गूळ आणि गोडा मसाला. गूळ नव्हता, तिथली तपकिरी साखर घातली. विजेच्या शेगडीवर ते फतफतं व्हायला दीड तास लागला. प्रशांत महासागराकडे तोंड करून सासऱ्यांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि ‘देठ जरा कमी हवे होते’ असं म्हणाले. म्हणजे आवडलं होतं.

नीरफणस दिसला तर सोडू नका. तिथे त्याला ‘उलु’ म्हणतात, बाजारात हिरवा-पिवळसर घट्ट मिळतो. सालीवर पांढरा चीक वाळलेला असला आणि दाबल्यावर किंचित दबत असला तर त्याच दिवशी करायचा. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवलेली कापं, जशी कोकणात करतात तशीच. पूर्ण मऊ झालेला गोड लागतो, तो कापांना चालत नाही. ताजा मिळाला नाही तर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा शिजवून गोठवलेला उलु मिळतो.

जांभळ्या गराचं रताळं, ज्याला ओकिनावन म्हणतात, हामाकुआच्या बाजूला पिकतं. वरून मळकट पांढरं, आत गडद जांभळं. त्याचा कीस चतुर्थीला करून बघा. रंग बघून मुलांनी उपास नसताना खाल्ला.

फळं कशी निवडायची

पपई आधी. इथली पपई एका माणसाची, हातात मावणारी. पुना भागातल्या बागा १९९२ नंतर रिंगस्पॉट विषाणूनं बसल्या होत्या. १९९८ मध्ये विषाणूला दाद न देणारं ‘रेनबो’ हे जनुक-बदल केलेलं वाण आलं आणि धंदा वाचला. आज मिळते ती बहुतेक रेनबोच, गर पिवळा. जनुक-बदल नको असेल तर ‘सनराइज’ मागा, गर लालसर. निम्मी पिवळी झालेली दोन आणि हिरवट दोन घ्या, म्हणजे रोज एक पिकते. अगदी हिरवी मिळाली तर कोशिंबीर. लिंबू पिळून खाणं तिथेही चालतं.

‘ॲपल बनाना’ नावाची आखूड केळी आपल्या वेलचीच्या चवीजवळची. साल पातळ होऊन काळे ठिपके पडेपर्यंत थांबा, त्याआधी तुरट लागतात. घडाचा तुकडा घेतलात तर घरात टांगून ठेवा.

रामबुतान, लिची यांचे मोसम वेगळे: लिची उन्हाळ्यात, रामबुतान साधारण शरदापासून हिवाळ्यात. रामबुतानचे केस हिरवट-लाल आणि ताठ असले तर ताजं, काळे पडून मुडपले असले तर जुनं. ॲव्होकाडोत ‘शारविल’ हे नाव ऐकू आलं तर घ्या. मोठे गुळगुळीत सालीचे काही पाणचट निघतात. लिलिकोई म्हणजे पॅशनफ्रूट. साल सुरकुतली म्हणजे बिघडलं नाही, तयार झालं. त्याचा रस, साखर, पाणी आणि चिमूटभर मीठ, कोकमाच्या सरबताची आठवण येते. अननस घ्याल तर आधी विचारा कुठला. ‘पांढरा’ अननस मिळाला तर आंबटपणा जवळजवळ नसतो.

आणि उन्हाळ्यात आंबा. ‘हेडन’ सगळीकडे दिसतो, पण कुणाच्या टेबलावर ‘पिरी’ असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. पिरी म्हणजे आपली पायरी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून तिकडे गेलेली. व्यापारी पेट्यांत ती फारशी येत नाही, कुणाच्या परसातलं झाड असतं. नाव बिघडलं, चव नाही.

रस्त्याकडेचे डबे

गावाबाहेरच्या रस्त्यांवर फळीवर पपया, लिंबं, केळी आणि शेजारी भोक पाडलेला पैशांचा डबा. माणूस नाही. एक-एक डॉलरच्या नोटा यासाठी जवळ ठेवा, सुट्टे परत मिळत नाहीत. भाव नसेल लिहिलेला तर मंडईतल्या भावानं टाका. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या. रस्त्याकडेला जांभळाची झाडं दिसतील, पडलेली जांभळं दिसतील. कुंपणाच्या आतली फळं मात्र मालकाची.

कोनाची कॉफी घ्यायची असेल तर होलुआलोआ ते कॅप्टन कुक या पट्ट्यातल्या छोट्या मळ्यांवर थांबून घ्या. दुकानातल्या ‘कोना ब्लेंड’च्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा: १० टक्के कोना कॉफी असली तरी ते नाव लावता येत आलं आहे. ‘१०० टक्के कोना’ लिहिलेलंच घ्या. महाग आहे, थोडी घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी एवढंच: हिलोत सुइसान ही १९०७ पासूनची पेढी आहे. ‘ओनो’ हा सुरमईच्या कुळातला, त्याचे तुकडे तव्यावर आपल्या मसाल्यात उत्तम. ‘आधी गोठवलेला’ अशी पाटी असेल तर भाव त्याप्रमाणे हवा.

धुणं: यात आळस नको

हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण गाळताही येत नाही. या बेटावर, विशेषतः पुना-हिलोच्या ओल्या भागात, ‘रॅट लंगवर्म’ नावाचा परजीवी आहे. उंदरांकडून तो गोगलगायींत येतो, आणि कच्च्या पाल्यावर चिकटलेली बारीक गोगलगाय पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून लेट्यूस, कोबी, कोथिंबीर, पुदिना यांचं पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली, उजेडात, दोन्ही बाजूंनी बघून धुवायचं. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं म्हणजे झालं असं समजू नका, त्याचा भरवसा नाही. मी तिथे पालेभाजी कच्ची खातच नाही. शिजवली की प्रश्न मिटतो. आपला स्वयंपाक तसाही शिजवण्याचाच. कोथिंबीरसुद्धा मी आमटी उकळतानाच टाकते, वरून नाही. फळं साल काढून. स्ट्रॉबेरीसारख्या खाचाखोचांच्या गोष्टींना सुट्टी.

घरात मुंग्या आणि चिलटं येतात. पिकलेली फळं पातळ फडक्याखाली, साखर-गोड डब्यात घट्ट, ओला कचरा रोज बाहेर. हिलोच्या दमट हवेत पोहे-पापड दोन दिवसांत मऊ पडतात, त्यांना चिमटा लावा.

शेवटचे दोन दिवस

सहाव्या दिवशी नवीन काही आणायचं नाही. उरलेल्या भाज्यांचा मसालेभात, अंडाकरी, केळ्यांचं शिकरण. न उघडलेलं तेल, मीठ, तांदूळ पुढच्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवून यायचं. आपणही कुणाचं तरी वापरलंच होतं.

विमानतळावर मुख्य भूमीकडे जाणाऱ्या प्रत्येक बॅगेची शेतमालासाठी तपासणी होते. फळमाशीमुळे बहुतेक ताजी फळं नेता येत नाहीत: आंबा, लिलिकोई, घरगुती पिशवीतली पपई, कच्चं रताळं, कढीपत्ता, सगळं तिथल्या टोपलीत जातं. अननस आणि नारळ नेता येतात. भाजलेली कॉफी, मॅकाडेमिया, जॅम नेता येतात. पपई न्यायचीच असेल तर प्रक्रिया करून शिक्का मारलेली पेटी विकत मिळते, ती घ्या.

गेल्या वेळी आमच्याकडे दोन पिऱ्या उरल्या होत्या. सासऱ्यांनी त्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून, चोखून खाल्ल्या आणि बाठे नीट कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकले. आत तपासणीच्या बाईनं बॅगेत काय आहे विचारलं तेव्हा ते मराठीतच म्हणाले, “आता काही नाही.”